श्रावणजींची नाचणारी मेम

श्रावणजी माणसाचं तोंड पाहत नाहीत, पाय पाहतात. लाखनीत आमची घरं लागून आहेत, पण मी चष्मा बदलला हे त्यांच्या वर्षभर लक्षात आलं नाही. चप्पल बदलली ती मात्र त्याच सकाळी. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, बाकी ठीक आहे, पन डावा पाय खोटा पडून राह्यला तुमचा."

तरुणपणी श्रावणजी दंडारीत नाचत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, तिथे दंडारीचा, नाचगाण्याच्या सोंगांचा, खेळ होतो. त्या काळी त्यातल्या बायांची कामं पुरुषच करत. श्रावणजी लुगडं नेसून उभे राहिले की मोहाडीपासून लोक बैलगाड्या जुंपून येत, असं ते स्वतःच सांगतात. सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

त्यांच्या ओसरीवर एक चित्र होतं. कुठल्याशा जुन्या बंगल्याचं सामान निघालं तेव्हा उचलून आणलेलं. एकोणिसाव्या शतकातली कुणी गोरी नर्तकी, झालरींचा झगा, एक हात डोक्यावर, पायाच्या बोटांवर उभी. मी चित्रकलेचा मास्तर. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, त्या तेजाबाने खोल करायच्या आणि मग छापायचं, असं हे चित्र झालंय, हे मी त्यांना दहादा समजावलं.

"थे जाऊ द्या गुरुजी. टाच पाहा! दीडशे वर्सं होऊन राह्यली, अजून टेकवली नाही तिनं."

त्या मेमशिवाय त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

यंदा पावसाळ्यात फ्रेमला वाळवी लागली. नवी करून आणतो, असं मीच म्हटलं. दोन दिवस विचार करून त्यांनी चित्र जुन्या धोतरात गुंडाळून दिलं. "जसंच्या तसं आनजा. माह्याजवळ हे एकच आहे."

मी फ्रेमवाल्याकडे चित्र टेकवलं आणि बसच्या घाईत नुसतं "चांगलं करा" म्हणून निघालो. इथेच चुकलं. आमच्याकडे फ्रेमच्या दुकानात बाईचं जुनं, काळंपांढरं चित्र येतं ते एकाच कारणासाठी. चित्र घ्यायला गेलो, तर त्या भल्या माणसाने मन लावून काम केलं होतं. मेमच्या गळ्यात चंदनाचा हार, खाली सोनेरी अक्षरांत 'स्वर्गीय', आणि पुढे कोरी जागा. "नाव सांगा, लिहून देतो," म्हणाला. हसावं की रडावं मला कळेना.

ती फ्रेम घेऊन मी ओसरीवर चढलो, तर श्रावणजींना आधी माझे पाय दिसले.

"गुरुजी, पाय काहून कापून राह्यले तुमचे?"

मग त्यांनी चित्र पाहिलं. मी माफी मागायला लागलो, हार काढून आणतो म्हणालो.

"राहू द्या," ते म्हणाले. "सुभद्रेचा फोटू नाही ना माह्याजवळ."

सुभद्रा म्हणजे त्यांची बायको. चाळीसेक वर्षांपूर्वी गेलेली.

"लोकं मले वाहवा म्हनत, पन नाच तिचा होता. बाईले दंडारीत कोन नाचू देते? मंडईच्या आधी घरी दार लावून थे मले शिकवे. असाच हात डोक्यावर, अशीच टाच उचललेली. मी जिंदगीभर तिचीच नक्कल केली, गुरुजी."

ते आत जाऊन तिचा करंडा घेऊन आले. करंडा जुना होता, आतलं कुंकू मात्र ताजं होतं. त्यांनी बोट बुडवलं आणि काचेवर, मेमच्या कपाळावर टेकवलं.

"माह्याआधी गेली ना थे. सवाशीण. कुंकू पाह्यजेच."

मग ते पाहतच राहिले. पायांकडे नाही, तोंडाकडे.