मत नसलेल्या ओर्फाबाई

"हात वर करून टाकू, म्हणजे जेवायच्या आत सगळे मोकळे," ज्युरीच्या खोलीत पाय टाकताच टायरवाला ड्वेन म्हणाला. बाकीच्यांनी नुकतंच त्याला प्रमुख नेमलं होतं. "कोच प्रुइट दोषी?"

अकरा हात वर गेले. ओर्फाबाईंचा हात मांडीवरच राहिला.

"अहो," त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात आपण बाराही जणांनी शपथेवर सांगितलं ना, की आमचं काही मत नाही?"

"ते तेव्हा. आता झालंय."

"कधी झालं?"

"गेल्या वर्षी. बस जळाली त्याच दिवशी."

ओर्फाबाईंची कानशिलं तापली. शेजारच्या शाळेच्या बास्केटबॉल संघाची रिकामी बस जाळल्याचा कोचवर आरोप होता. वर्षभर अख्ख्या इंडियानाच्या टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. ओर्फाबाईंकडे टीव्ही नव्हता. ज्युरीच्या निवडीच्या वेळी त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा दोन्हीकडच्या वकिलांनी, ही बाई काहीतरी लपवतेय, अशा नजरेनं पाहिलं. आणि या अकरा जणांवर मात्र झटकन विश्वास! पंचांमुखी परमेश्वर म्हणतात. इथे पंचांनी त्याला दाराबाहेरच बसवला होता.

"बाई, त्यानं रॉकेल घेतलं होतं," पार्लरवाली लोरीन समजुतीनं म्हणाली.

"हे कोर्टात कोण म्हणालं?"

"कोर्टात कशाला? माझ्याकडे केस कापायला येणारी म्हणाली."

"रॉकेल कुठलं? पेट्रोल!" ड्वेन म्हणाला.

"फटाके होते. टीव्हीवर दाखवलं," पोस्टमन एल्डन म्हणाला.

"तुझा टीव्ही येडा आहे!"

तिसऱ्या दिवशी खोलीत तीन पक्ष झाले होते. पेट्रोल असेल तर कोच नव्हेच, त्याची गाडी डिझेलची, असं म्हणत रॉकेलवाल्यांनी पेट्रोलवाल्यांना खोटं पाडलं. फटाक्यांचं कोणीच ऐकेना, तेव्हा रागाच्या भरात एल्डन म्हणाला, "जा, मग निर्दोष!" त्याच्यामागे सगळे फटाकेवाले गेले. या गदारोळात ओर्फाबाई कोपऱ्यात चष्मा लावून पुराव्याचा एकेक फोटो शांतपणे बघत होत्या.

न्यायाधीशांनी सगळ्यांना बोलावलं. "निकालाला बाराही जणांचं एकमत हवं. आणखी चर्चेनं होईल?"

"नाही!" अकरा जण एका सुरात म्हणाले. त्यांचं तीन दिवसांतलं हे पहिलं एकमत.

ज्युरी बरखास्त झाली. ओर्फाबाईंनी हळूच हात वर केला. "साहेब, माझं मत आत्ताच झालंय."

"आता त्याचा उपयोग नाही, बाई."

पायऱ्यांवर टीव्हीवाले सांगत होते, एका हट्टी बाईमुळे खटला बारगळला. ओर्फाबाई तरातरा पायऱ्या उतरू लागल्या. तेवढ्यात ड्वेन आडवा आला.

"केलंत ना वाटोळं? आता तरी सांगा, काय होतं तुमचं मत?"

"दोषी. सातव्या फोटोत त्याच्या जॅकेटची बाही करपलेली आहे. पळणाऱ्या माणसाची बाही पेटली होती, असं बसच्या रखवालदारानं साक्षीत सांगितलंच होतं."

ड्वेननं कपाळावर हात मारला. "मग पहिल्याच दिवशी हात वर करायला काय झालं होतं?"

"पहिल्या दिवशी मी पुरावा नीट तपासला नव्हता."

"पुरावा कशाला लागतो, बाई? तो दोषी होता ना!"