एरंडीच्या तेलातली चवळी

बियांच्या पुड्या हाताला हलक्या लागल्या त्या दिवशीच जयवंताबाईंनी उंदराचा पिंजरा मांडला होता. सून मोहिनी हिंगणीहून एसटीने वर्ध्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करायला जायची. वैरणीच्या चवळीच्या पाच जातींचं बी तिने मृगात आकडे टाकलेल्या पाच पुड्यांत घरी आणून ठेवलं होतं, दिवाळीनंतर त्याची तपासणी होती. बियांचा अर्क जांभळ्या पाण्यात टाकायचा. पाणी जितकं फिकं पडेल, तितकं त्या बियांत शरीराची झीज रोखायचं बळ जास्त, असं तिने सासूला समजावलं होतं. सासूला निम्मंच कळलं, पण मोहिनी सांगते म्हणजे खरं असणार, हे मात्र पुरतं कळलं.

चार महिन्यांत पिंजऱ्यात एक शेपूटही अडकलं नाही. तपासणी दोन दिवसांवर आली तसा जयवंताबाईंचा जीव खालीवर होऊ लागला. उंदीर नाही तर भुंगा पडेल. शेवटी त्यांनी वर्षाच्या डाळीला करतात तेच केलं. पाचही पुड्या सुपात सोडल्या, बियांना एरंडीचं तेल चोळलं, ऊन दाखवलं आणि सगळं एकाच डब्यात भरलं. पुड्यांचे कागद चुलीत गेले.

संध्याकाळी मोहिनीने डबा उघडला आणि ती खालीच बसली.

"आत्या, हे काय केलं?"

"आता भुंगा नाई लागत. दोन वर्षं नाई लागत."

"तेल लागलं आत्या, आता याची तपासणी होत नाई. कोनतं बी कोनत्या पुडीतलं, तेही कळत नाई. सोमवारी नाई झालं तर माझं वर्ष गेलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पदराच्या टोकाने एकेक बी पुसू लागली. लग्नानंतरही सुनेने शिकावं हा हट्ट जयवंताबाईंचाच होता. स्वतःची शाळा चौथीत सुटली ते अजून सलत होतं.

"मी येतो तुया सरकडे. म्हातारीनं केलं म्हनून सांगतो."

"सर तरी काय करन, आत्या?"

दारात सासरे रूपराव टोपी काढून उभे होते. बराच वेळ ते टोपीच झटकत होते.

"पोरी, धुऱ्यावर चाल जरा."

धुऱ्याला, शेताच्या बांधावर, चवळीच्या पाच ओळी वाळल्या शेंगांनी लगडल्या होत्या. पहिल्या ओळीच्या तोंडाशी एक दगड, दुसरीच्या दोन, असे पाचवीपर्यंत मोजून मांडलेले.

"पुड्या आनल्या तवाच मूठ मूठ घेतलतं," रूपराव दगडांकडे पाहत म्हणाले. "सून एवढं शिकून राह्यली त्याच्यावर, आपन लावून तं पाहाव. पुडीवरचा आकडा पाहून दगड ठेवले."

"मंग सांगतलं काऊन नाई?" जयवंताबाईंनी विचारलं.

"तू पिंजरा मांडला. मंग लाज वाटली."

मोहिनीने एक शेंग फोडून बी तळहातावर घेतलं. "एकाच मातीतलं, एकाच पावसाचं बी. आमच्या सरले असंच पाहिजे होतं, मामाजी." ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

सोमवारी तिसऱ्या ओळीच्या बियांनी जांभळं पाणी सर्वांत फिकं केलं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा रूपरावांना नवल वाटलं नाही. "गाय सुटली की त्याच ओळीत तोंड घालत होती," ते म्हणाले.

जेवायला बसताना त्यांच्या ताटाशेजारी उंदराचा पिंजरा होता. आत भाकरीच्या तुकड्याऐवजी गुळाचा मोठा खडा. रूपरावांनी बायकोकडे पाहिलं, मग गुपचूप पिंजऱ्यात हात घातला.