भागवत ऑनलाईन हाय

भागवत नव्या माणसाला आधी नाव विचारत नसे. वय किती, बाई का बाप्या, अन् कुठून बोलतोस, हे तीन प्रश्न आधी. चॅटरूममध्ये अशीच ओळख करून घेतात म्हणे. बदलून आलेल्या विभागप्रमुखांनाही त्यानं थेट वय विचारलं. दुसरा प्रश्न मी त्याच्या पायावर पाय देऊन अडवला.

बीडला एमएस्सी करताना हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. गडी मूळचा आष्टीकडचा. बीडात नवंनवं सायबर कॅफे निघालं आणि भागवतचं कॉलेज सुटलं. फोनची लाईन जोडताना मोडेम केकाटायला लागला की हा डोळे मिटून हात जोडायचा. "लागली बे लाईन!" पान उघडायला वेळ लागला, तर बैलाला थोपटावं तसं कॉम्प्युटरला थोपटायचा. "दमानं, राजा, दमानं."

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी तो गायब. मी धावत कॅफेत गेलो.

"अरे, तुझा नंबर आलाय! वर्ष जाईल!"

"ब्राझीलच्या लिसाचं मांजर मेलंय. लई रडायलीय बिचारी. अन् तुला प्रॅक्टिकलची पडलीय?"

"इथं बसून तू तिचे डोळे पुसणार हायेस का?"

"गप बे, टायपिंग चुकायलंय."

वर्ष गेलंच. लिसाला मात्र महिन्याभरात दुसरं मांजर मिळालं, तेव्हा यानं अख्ख्या हॉस्टेलला पेढे वाटले.

पुढं दिवाळीला हॉस्टेल रिकामं झालं. मीही लिंबागणेशला घरी निघालो आणि जाता जाता निरोप घ्यायला कॅफेत डोकावलो. भागवत मोडक्या इंग्रजीत कुणाला तरी लिहीत होता. आईनं करंज्या तळल्यात, अण्णा दारात आकाशकंदील बांधायलेत, बहीण रांगोळी काढतीय...

मी त्याच्या मागं तसाच उभा राहिलो. त्याचे आईवडील अन् बहीण आठवड्यापूर्वीच ऊसतोडीला गेले होते. त्यांना ट्रकमध्ये बसवून द्यायला मीच त्याच्यासोबत गेलतो. घराला कुलूप होतं, ते उन्हाळ्याशिवाय उघडणार नव्हतं.

"चल, आमच्या घरी."

"कावून?"

"आईनं डबाभर करंज्या करून ठेवल्यात. खायला माणूस न्हाई."

तो पडद्याकडं वळला. मग एकेक अक्षर शोधत त्यानं खाली एक ओळ लिहिली आणि खुर्ची सारून उठला.

ओळ होती, आई हाक मारतेय, जातो.