आघाडीतला मुका सदस्य

तायडे काका मोबाइलवर गेम उघडण्याआधी चप्पल काढतात. घरी असोत, पानठेल्यावर असोत, नाहीतर नांदुऱ्याच्या फलाटावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चप्पल चावत असेल. विचारलं तर म्हणाले, "सभेत बसून राह्यलो ना! सभेत कोनी चपला घालून बसते काय?"

काका आमचे शेजारी, निवृत्त ग्रामसेवक. गेम किल्ल्यांचा. प्रत्येकाचा एक किल्ला, किल्लेदारांची मिळून आघाडी आणि आघाडीचा एक प्रमुख. प्रमुख अर्थातच काका. जन्मभर दुसऱ्यांच्या सभांची इतिवृत्तं लिहिली. आता स्वतःची सभा मिळाल्यावर माणूस सोडतो होय! रोज सकाळी आघाडीच्या गटावर संदेश: "जय भीम मंडळी. हजेरी लावा." शत्रूवर हल्ला करायचा तरी आधी ठराव, मग सूचक, मग अनुमोदक. तोवर शत्रूच आमचं धान्य लुटून मोकळा. "लुटू दे. काम नियमानं झालं पायजे," काका म्हणायचे.

मलाही त्यांनी ओढलंच. माझा किल्ला अजून मातीचा आहे, पण कायमचा अनुमोदक म्हणून मला मान आहे.

हजेरीला सगळे वर केलेल्या हाताचं चित्र टाकत. फक्त 'धाडकर' नावाचा एक सदस्य कधी हात वर करायचा नाही की अक्षर बोलायचा नाही. आमचा उपप्रमुख पप्पू, मोबाइलचं दुकान आहे त्याचं, सारखा कुरकुरायचा, "काका, या मुक्याले काढा ना. फुकट जागा अडवून राह्यला."

"विषय विचाराधीन आहे," काका सांगायचे. आता ग्रामसेवकाने विचाराधीन म्हटलं की विषय संपला!

मग काका भाचीच्या लग्नाला बीबी गावी गेले आणि मोबाइल घरीच विसरले. गेमचा नियम असा की प्रमुख काही दिवस फिरकला नाही तर उपप्रमुखासमोर खुर्ची घ्यायचं बटन येतं. पप्पूसमोर आलं. काका परतले ते साधे सदस्य होऊन. वर नव्या प्रमुखाचं फर्मान: 'न बोलणाऱ्यांना रविवारी काढण्यात येईल.'

काका तडक दुकानात. मागे मी, अनुमोदक.

"पप्पू, काय केलं बे हे?"

"बटन आलं काका, म्या दाबलं."

"दारात चप्पल दिसली म्हनून पायात घालून जाते काय कोनी?"

"पन नियमानंच झालं ना काका?"

काकांचाच नियम काकांवर उलटला. मला हसू आवरेना. पण मग ते हळू आवाजात म्हणाले, "खुर्ची ठेव तू. धाडकरले तेवढा काढू नको."

"काऊन? तुमचा कोन लागते थो?"

काका पायऱ्या उतरले. रस्त्यात मला म्हणाले, "माहा लहाना भाऊ आहे थो. धाड गावाले रायते. वावराच्या वाटनीत बोलचाल तुटली. गेमात आला तं नाव बदलून आला, पन फोटो लावला आमच्या वावरातल्या विहिरीचा. म्या वयखलं. माह्या किल्ल्यावर कोनी चालून आलं का याचे शिपाई येऊन उभे. बोलत नाई, पन येते." आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

काकांनी रीतसर अविश्वास ठराव आणला. सूचक ते, अनुमोदक मी. पण पप्पूच्या राज्यात ठरावाविना लूट मिळत होती. काकांना कोण विचारतो! रविवारी मतदानाला काका ओसरीवर अनवाणी बसले, मी शेजारी. गटावर दोन हात वर झाले, माझा आणि त्यांचा. बराच वेळ काही नाही.

मग तिसरा हात आला. धाडकरचा.

काका बघतच राहिले. तेवढ्यात पप्पूचा संदेश आला, "ठराव पडला. पन हा मुका तं बोलला राजेहो! राहू द्या त्याले."

पप्पूने हजेरी बंद केली आहे. काका मात्र रोज सकाळी चप्पल काढून बसतात आणि लिहितात, "जय भीम. हजेरी लावा." धाडहून एक हात वर होतो. मग मी अनुमोदन देतो.