पंजाचा ठसा, नावासकट

एका जंगलात, मुलांनो, तुळाजी नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर तुम्ही पाहिलं नसेल. ते असतं हरणातलंच, पण अंगाने बेताचं आणि आवाजाने दांडगं. घाबरलं की चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. हसू नका. त्या भुंकण्यावर सगळ्या जंगलाचा जीव टिकून होता.

तुळाजीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या टेकडीवर उभं राहून वाघाची चाहूल घेत आलं होतं. वाघ निघाला की तुळाजी "भ्वॉक!" असा आवाज द्यायचा. तो ऐकला की चितळ, सांबर, रानडुकरं, सगळी तोंडातला घास टाकून पळत सुटायची. खरंच वाघ आहे का, हे कोणी वळून बघत नसे. तुळाजीने सांगितलं म्हणजे असणारच. त्या बदल्यात ओढ्याकाठचं एक आवळ्याचं झाड जंगलाने त्याच्या नावावर करून दिलं होतं.

वाघाचं नाव रणधीरराव. पूर्वी ते नुसतेच वाघ होते. मग एके दिवशी जंगलातल्या रस्त्यावर माणसांच्या अकरा जीपगाड्या उभ्या असताना ते त्यांच्या पुढून सावकाश चालत गेले. एकाही गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. गाडीतल्या माणसांनी फोटो काढले, एका बाईंना तर रडू आवरेना. एवढंच झालं. पण झाडावरच्या वानरांनी ते पाहिलं आणि जंगलभर करून टाकलं, की आपला वाघ फार मोठा आहे, त्याला बघायला लोक शहरातून येतात, पैसे मोजतात, तरी तो दिसेलच असं नाही.

त्या दिवसापासून जंगलाची नजरच बदलली. काल ज्याच्या भीतीने पाण्यावर जायची चोरी होती, त्याच्याबद्दल आता सगळ्यांचा ऊर भरून येऊ लागला. रानडुकरीण आपल्या पिलांना सांगायची, "तुमच्या थोरल्या भावाला कोणी साध्यासुध्या वाघाने नाही नेलं. रणधीररावांनी नेलं." पिलं माना डोलवायची.

आता या जंगलात एक कोल्हा होता. त्याला सगळे कोल्हेसाहेब म्हणत. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत रणधीररावांच्या पंजांचे ठसे उमटत. पूर्वी ते दिसले की जनावरं उलट्या पावली पळत. आता ती ठशाभोवती काड्या रोवून ठेवत, लांबून लांबून येऊन बघत, आणि जाताना वास घेऊन जात. कोल्हेसाहेबांनी हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी ते रणधीररावांचे मॅनेजर झाले.

दर आठवड्याला तळ्याकाठी कार्यक्रम सुरू झाला. रणधीरराव एका सपाट दगडावर बसत, पुढे चिखलाचा द्रोण असे. लिहिता-वाचता कोणालाच येत नसल्यामुळे दरपत्रक पोपट ओरडून सांगे.

"पळसाच्या पानावर पंजाचा ठसा, वीस आवळे! ठसा आणि साहेबांच्या तोंडून तुमचं नाव, एका झाडाचा अख्खा बहर! तळ्याच्या पाण्यात साहेबांशेजारी प्रतिबिंब, दहा मोजेपर्यंत, एक भरलेलं मधाचं पोळं! साहेबांच्या अंगाला हात लावू नये! कार्यक्रमाच्या वेळेत कोणालाही खाल्लं जाणार नाही! आधी आणि नंतर व्यवस्थापन जबाबदार नाही!"

वाघ आवळे खातो का, असं विचारताय? नाही खात. कोल्हाही खात नाही. पण दुकानात गेल्यावर तुम्ही असले प्रश्न विचारता का? मग इथेही विचारू नका.

पहिल्याच दिवशी रांग तळ्याला वळसा घालून गेली. एका सांबराने मधाचं पोळं देऊन रणधीररावांशेजारी प्रतिबिंब पाडलं. दहा मोजून झाले, सांबर बाजूला झालं, आणि पाण्यात काहीच उरलं नाही. तरी ते महिनाभर बायकोला, मेहुण्यांना, व्याह्यांना तळ्यावर नेऊन पाण्यातली जागा दाखवत होतं.

तुळाजी मात्र अजून रांगेत गेला नव्हता. त्याचं म्हणणं वेगळं होतं.

"मला रांगेची गरज नाही," तो वानरांना सांगायचा. "रणधीरराव मला ओळखतात. तुम्ही आत्ता त्यांच्या मागे लागलात. मी सात वर्षं त्यांच्यावर नजर ठेवून आहे. थंडीत ते मागचा डावा पाय जरा ओढून टाकतात, कोणाला माहीत आहे? वळण्याआधी शेपटीचं टोक हलवतात, कोणी पाहिलंय?"

"अरे, तू त्यांना ओळखतोस," एक म्हातारं वानर म्हणालं. "ते तुला कुठे ओळखतात?"

"ओळखतात."

"मग रांगेत जा आणि सगळ्यांसमोर दाखव. ओळखलं तर आम्ही तुला रोज आमच्या झाडाची पिकली उंबरं टाकू. नाही ओळखलं तर फुशारक्या बंद."

तुळाजीच्या जिवाला ते लागलं. रात्रंदिवस टेकडीवर उभं राहणं त्याने कधी कमी लेखलं नव्हतं, पण आपल्याकडे कोणी कौतुकाने कधी पाहिलं नाही याचं त्याला आतून फार वाईट वाटायचं. एकदा, फक्त एकदा, रणधीररावांनी आपल्याला 'अरे, तू होय!' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, की या वर्षी आवळ्याचा बहर कोल्हेसाहेबांकडे जाणार.

त्याची बायको हौसाबाई. नाव हौसाबाई असलं तरी तिला असली हौस नव्हती.

"अख्खा बहर?" ती म्हणाली. "आणि पोरांनी वर्षभर काय करायचं? ठसा चाटायचा?"

"अगं, नावासकट ठसा आहे."

"तुमचं नाव तुम्हाला माहीत नाही का? मी घेते पाहिजे तर. अहो तुळाजीराव, अहो तुळाजीराव! झालं? वाचला बहर."

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं, की तो वाघ आहे आणि आपण भेकर आहोत. आपल्या घराण्याने त्याची चाहूल घ्यायची असते, सही नाही."

पण तुळाजी ऐकायला तयार नव्हता. झाडाचा बहर गेला. पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी तो सकाळीच अंग चाटूनपुसून रांगेत उभा राहिला. मागेपुढे वानरं मुद्दाम जागा धरून बसली होती.

ऊन चढत गेलं. रांग एकेक पाऊल सरकत होती. जवळ गेल्यावर तुळाजीला दिसलं, की रणधीररावांच्या बरगड्या मोजता येत होत्या. ते पंजा द्रोणात बुडवत, पानावर दाबत, आणि समोर कोण आहे हे न बघता जांभई देत. शेवटी त्याची पाळी आली.

"नाव?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"तुळाजी."

"तुळाजी," रणधीरराव म्हणाले आणि पंजा दाबला.

तुळाजीने पान उचललं, पण तो हलला नाही. "साहेब, ओळखलंत का?"

"हो हो. वा. छान," रणधीरराव तळ्याकडे बघत म्हणाले.

"पुढे व्हा," कोल्हेसाहेब म्हणाले. "मागे लोक आहेत."

मागे वानरं खिदळायला लागली. चितळं एकमेकांना ढोसू लागली. तुळाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहर गेला, बायकोचं खरं ठरलं, आणि सात वर्षांची नजर त्या एका जांभईत गेली. त्याला रडू यायला लागलं.

"साहेब, मी टेकडीवरचा!" तो कळवळून म्हणाला. "मी आवाज देतो तो! सात वर्षं देतोय! थांबा, असं नाही कळायचं." आणि त्याने मान वर करून, होता नव्हता तेवढा जोर लावून आवाज दिला.

"भ्वॉक!"

मग काय विचारता! अख्खी रांग उधळली. समोर दगडावर ढळढळीत वाघ बसलेला असताना जी जनावरं सकाळपासून शांत उभी होती, ती वाघ आल्याची बातमी ऐकताच जिवाच्या आकांताने पळत सुटली. सांबर तळ्यात पडलं. वानरं झाडावर चढली. पोपट दरपत्रक अर्ध्यावर टाकून उडाला. घटकाभरात तिथे वाघ, कोल्हा आणि तुळाजी एवढेच उरले.

रणधीररावांचे कान ताठ उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी समोर नीट पाहिलं.

"अरे, तू होय!" ते म्हणाले.

तुळाजीच्या अंगावर काटा आला. "ओळखलंत?"

"ओळखलंत? अरे, सात वर्षं मी तुला शोधतोय! ओढ्याकाठी चितळ दोन पावलांवर होतं, तेव्हा तू. करवंदीच्या जाळीत रानडुक्कर तोंडापर्यंत आलं होतं, तेव्हा तू. तुझ्यापायी मी पाच पाच दिवस उपाशी झोपलोय. हा धंदा मी हौसेने करतो का? शिकार मिळत नाही म्हणून करतो. झोपेतसुद्धा मला तुझा आवाज ऐकू येतो."

"झोपेत?" तुळाजी एक पाऊल पुढे सरकला. "साहेब, तुमच्या झोपेत माझा आवाज?"

रणधीररावांनी मागचे पाय आवळले. शेपटीचं टोक हललं. पण कोल्हेसाहेब मधे आले आणि त्यांच्या कानाशी लागले.

"साहेब, कार्यक्रमाची वेळ आहे. इथे याला खाल्लंत तर पुढच्या आठवड्यात रांग लागायची नाही. शिवाय याच्या जागी याचा भाऊ टेकडीवर उभा राहील. भेकराला खाऊन आवाज बंद होत नाही. भेकराला मोठं करून होतो."

"म्हणजे काय करायचं?"

"मिठी मारा."

झाडीतून हळूहळू डोकी बाहेर यायला लागली, तेव्हा जंगलाला काय दिसलं? रणधीररावांनी तुळाजीला मिठी मारली होती आणि कोल्हेसाहेब ओरडत होते, "साहेबांनी ओळखलं! साहेबांच्या झोपेतसुद्धा ज्यांचा आवाज येतो, ते हे तुळाजीराव!"

वानरांनी तिथल्या तिथे उंबरं टाकली. पुढच्या आठवड्यापासून रणधीररावांच्या दगडाशेजारी तुळाजीसाठी एक लहान दगड मांडला गेला. खुराचा ठसा, दहा आवळे. ज्याला वाघ ओळखतो त्याचा ठसा कोणाला नको असेल? सांबराने याच्याही शेजारी प्रतिबिंब पाडून घेतलं.

कोल्हेसाहेबांनी तुळाजीला एकच अट घातली. "तुळाजीराव, आता तुम्ही कलावंत. ऊठसूट टेकडीवर उभं राहून फुकट ओरडणं तुम्हाला शोभत नाही. आवाज कार्यक्रमात द्यायचा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, लोक बसलेले असताना."

तुळाजीला ते पटलं. आजवर हे कोणी आपल्याला सांगितलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. आठवड्यातून एकदा तो आवाज द्यायचा, जनावरं डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "काय आवाजाची फेक आहे!" बाकीचे सहा दिवस टेकडी रिकामी असायची.

महिनाभरात रणधीरराव चांगले गुटगुटीत झाले. कातडी तुकतुकीत दिसू लागली. लोक म्हणाले, हे चाहत्यांचं प्रेम. रांग जरा आखूड झाली होती, पण त्यामुळे पाळी लवकर येते म्हणून सगळे खूशच होते.

मग एका सकाळी तुळाजी एकटाच तळ्याकडे निघाला होता. ओढ्यापाशी त्याला गवतात रणधीरराव दिसले. पोट जमिनीला टेकवून ते अगदी सावकाश त्याच्याकडेच येत होते. तो कार्यक्रमाचा दिवस नव्हता.

तुळाजी थांबला. शेपटीचं टोक हलताना त्याने पाहिलं. त्या टोकाचा अर्थ जंगलात त्याच्याइतका कोणाला माहीत नव्हता. त्याचा गळा आपोआप फुगला. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, की इथे ऐकायला कोणी बसलेलं नाही, आणि अटही ठरलेली आहे. दुसरं असं मनात आलं, की साहेब स्वतः आपल्याला भेटायला आले, तेही रांग सोडून! त्याला गहिवरून आलं आणि तो हसून उभा राहिला.

"भ्वॉक! भ्वॉक!"

आवाज टेकडीवरून आला. घरच्या झाडावर एक आवळा उरला नव्हता, म्हणून हौसाबाई पोरांना घेऊन पहाटेच टेकडीवर चरायला गेली होती. तिने वरून सगळं पाहिलं आणि आवाज दिला. तो काही कलावंताचा आवाज नव्हता, चिरकलेला होता. पण तो कानावर पडताच तुळाजीच्या पायांनी त्याला विचारलं नाही. ते पळत सुटले. रणधीररावांची झेप रिकाम्या गवतावर पडली.

तुळाजी धापा टाकत टेकडीवर पोचला. तो दिसताच हौसाबाईने त्याच्या मानेवर मान टाकली आणि ती रडली. मला विचाराल तर या गोष्टीत एवढंच एक खरं मिठी मारणं होतं.

तुळाजीने मान सोडवून घेतली.

"फुकट आवाज दिलास?" तो संतापून म्हणाला. "तोही असा? अगं, सगळ्या जंगलाने ऐकला असेल! आता माझा आवाज विकत कोण घेणार?"

हौसाबाईने डोळे पुसले आणि पुन्हा खाली गवताकडे नजर लावली, कारण रणधीरराव आता चितळांच्या दिशेने वळले होते.

"भ्वॉक!" ती ओरडली. खाली चितळं पळाली. पळता पळता त्यातलं एक दुसऱ्याला म्हणालं, "आवाज ठीक आहे. पण तुळाजीरावांची सर नाही."

तात्पर्य : जीव वाचवून घ्यायचाच असेल तर तो नामवंताकडून आणि रीतसर दर देऊन वाचवून घ्यावा. फुकटात वाचलेला जीव चारचौघांत दाखवता येत नाही.