राहून गेलेली कुस्ती

तुम्हाला म्हणून सांगतो, मी पैलवान आहे. होतो नव्हे, आहे! वय अठ्ठेचाळीस, सांगलीत पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, बुटाची नाडी बांधायची तर आधी श्वास रोखून धरावा लागतो, हे सगळं मान्य. पण आतला पैलवान तसाच आहे, अशी माझी ठाम समजूत होती. ती गेल्या चैत्रापर्यंत टिकली.

झालं असं, की वर्षभर मला कशातच गोडी वाटेना. पोरगी क्रांती शिकायला पुण्याला गेलेली, नोकरी पक्की, बायको चांगली. तक्रार करायला जागाच नाही आणि तीच माझी तक्रार! संध्याकाळी ऑफिसातून आलो की गॅलरीत उभा राहायचो आणि छातीत काहीतरी रिकामं रिकामं वाटायचं. एवढंच का, असं मनात यायचं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सगळं नॉर्मल आहे म्हणाले. मला त्या माणसाचा इतका राग आला म्हणून सांगू! बायकोला, म्हणजे रेश्माला, वाटलं गॅस धरला असेल. तिनं ओवा दिला, मी खाल्ला, फरक शून्य.

मग एके दिवशी कारण सापडलं. गुंडा!

गुंडा हा शिराळ्याजवळच्या आमच्या गावातला माझ्याच वयाचा पैलवान. सव्वीस वर्षांपूर्वी जत्रेच्या फडात त्याची नि माझी कुस्ती लागली होती. वीस मिनिटं झाली तरी निकाल लागेना, म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवली. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर मी त्याला आस्मान दाखवलं असतं, हे मी ऑफिसात निदान शंभर वेळा सांगितलंय. मग जिवाला चैन कशी पडणार? कुस्ती निकाली झालीच नव्हती! एवढी साधी गोष्ट डॉक्टरला कळू नये?

मी गुंडाला फोन लावला. तो आता ऊस आणि म्हशी सांभाळतो, जत्रेच्या कमिटीतही आहे. ये की, म्हणाला, दोघांची प्रेक्षणीय कुस्ती लावतो, लोकांना तेवढीच गंमत. गंमत हा शब्द मला लागला. पण मी तयारीला लागलो.

तयारी म्हणजे अगदी तालमीच्या नियमानं. पहाटे उठून गार पाण्यानं अंघोळ. डोक्यावरचे केस बारीक. चहा बंद. अंथरूण हॉलमध्ये, कारण तयारीच्या दिवसांत पैलवानानं बायकोपासून लांब झोपायचं असतं, असं आमचे वस्ताद सांगायचे. दोन लाल लंगोट आणले. रेश्माला यातलं काही बोललो नाही, कारण ती हसली असती. तिनं एकदा काळजीनं विचारलंही, मनात काय आहे तुमच्या. मी म्हटलं, "या सगळ्यात काय राहिलंय? एकदा सुटायचं यातनं." मला त्या रिकामेपणातून सुटायचं होतं. हे सरळ सांगायला मला काय झालं होतं, देव जाणे.

जत्रेदिवशी ती उठायच्या आत निघालो. फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘गावाला जातो. बरेच दिवस मनात होतं ते आज करतो. फोन घरीच ठेवलाय. वाट बघू नये.’ फोन ठेवला तो जत्रेत चोरीला जातो म्हणून, आणि वाट बघू नये हे जेवणासाठी. पण तिनं चिठ्ठी वाचली, दोरीवर वाळणारा दुसरा लंगोट बघितला, बारीक केस, गार पाणी, हॉलमधलं अंथरूण हे सगळं एकत्र केलं आणि माधवनगरला भावाला कळवलं, की हे संन्यास घ्यायला निघालेत! भाऊ म्हणजे उदयसिंह, निवृत्त सुभेदार. मोहीम म्हटल्यावर तो थांबतोय होय? त्यानं बहिणीला घेतलं आणि जीप काढली.

इकडे फड भरला होता, हलगी कडकडत होती. मी शड्डू ठोकून मातीत उतरलो. समोरून गुंडा आला. पोट त्याचंही सुटलेलं बघून बरं वाटलं. सलामी झाली, एकमेकांच्या माना धरल्या आणि अर्ध्या मिनिटात दोघांनाही धाप लागली. माझ्या कानाशी तोंड आणून तो म्हणाला, दमानं रं धना, माझा गुडघा धरलाय. सव्वीस वर्षं थांबलोय, आता दमानं कसलं! मी पट काढायला, म्हणजे त्याचा पाय ओढायला, वाकलो.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर ओळखीचा आवाज आला. "दाजी, जिथं असाल तिथं थांबा. संसार सोडू नका. आक्कानं सकाळपासनं पाणी बी घेतलं न्हाई. काय चुकलं असंल तर आमी समदे माफी मागतो."

दाजी समोरच लंगोटावर उभे आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यानं मला कायम सफारीत बघितलेलं. मी मान वर केली आणि पुढच्या क्षणाला मी आभाळ बघत होतो. उदयसिंहामुळं लक्ष उडालं, असं मी ऑफिसात सांगितलंय. तुम्हाला खरं सांगतो, वाकलो तेव्हाच कमरेत उसण भरली होती. गुंडानं नुसता हात लावला.

तो माझ्यावर वाकून लागलं का विचारत होता. मी म्हटलं, "आता सुटलो गड्या. आपली ती कुस्ती एकदाची निकाली झाली."

"कंची रं?"

मी सगळं सांगितलं. साल, वीस मिनिटं, पंच, बरोबरी. गुंडानं बराच विचार केला.

"त्या साली मी चाळीसभर कुस्त्या केल्या," तो म्हणाला. "तू हुतास व्हय त्यात?"

कमरेपेक्षा हे जास्त दुखलं.

चौघांनी उचलून मला जीपमध्ये मागच्या सीटवर आडवा घातला. पेठ नाक्यापर्यंत रेश्मा रडत होती, तिथून पुढं हसत होती. आष्टा आल्यावर हसायची थांबली आणि एवढं कशासाठी केलंत म्हणाली. मग मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. गॅलरी, ते रिकामं वाटणं, एवढंच का वाटणं.

"मलाही होतं तसं," ती म्हणाली. "क्रांती शाळेत जायला लागली तेव्हापासून."

म्हणजे पंधरा वर्षं! "मग तू काय करतेस?"

"काय करणार? कुकर लावते."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं की. दोनदा. तुम्ही पेपर वाचत होता. हूं म्हणालात."

तिच्याकडे तोंड करून काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. पण मला कूस वळता येत नव्हती.