सोनाळ्याचं बेपत्ता टिंब

"नजर घारीची, नाक मुंगीचं, आन् डोक्याले त उपमाच नाई," असं कडूबा स्वतःबद्दल सांगत, तेव्हा सत्यभामाबाई मान डोलावत. त्या डोक्याला उपमा नाही, याबद्दल त्यांचंही दुमत नव्हतं.

सोनाळ्याच्या बसथांब्यासमोर कडूबांचं झेरॉक्सचं दुकान. पाटीवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन' आणि खाली लाल अक्षरांत 'गुप्त तपास'. अक्षरं एवढी मोठी, की गुप्त काही उरलंच नव्हतं. आजवर प्रकरणं तीन. बकरी आपली आपण घरी आली, सायकल चोरीला गेलीच नव्हती, आणि तिसऱ्यात दोन तास खुद्द कडूबाच संशयित होते. सहायक म्हणून बायको, सत्यभामाबाई. तिने पुरावे लिहायचे आणि चहा करायचा. पुरावे कमी आणि चहा फार, असा एकूण कारभार.

त्या सकाळी कारभारी आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीन वर्षांपासून घरात एकटेच.

"कडूबा, मानूस हरवला."

"नाव?"

"टिंब."

सत्यभामाबाईंनी वहीत एक टिंब काढलं.

गावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, एसटी कुठवर आली ते कळवण्यासाठी. बसमध्ये जो असेल त्याने टाकायचं, 'वरवट सोडलं'. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात कारभारी आणि एक अनोळखी नंबर यांची जुंपे. नंबरच्या नावाच्या जागी नुसतं टिंब. जर्मनीच्या रेल्वेला उशीर का होतो, बॅटरीची बस घाट चढेल का, युरोपच्या संसदेत कोण कोणासोबत बसलं. विषयाला तोटा नव्हता. कारभारींचं मत, बिनचालकाची बस येणारच. टिंबाने विचारलं होतं, 'येऊ द्या. पन रस्त्यात म्हैस बसली त खाली उतरून हाकलीन कोन?' त्यावर ग्रुपच्या एक्केचाळीस जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले होते.

"एकादशीपासून गप हाये," कारभारी म्हणाले. "बारा दिवस झाले. मीच लिवलं होतं, ज्यानं संग्रामपूरच्या पुढं पाह्यलं नाई त्यानं ब्रुसेल्सवर बोलू नये. एवढं लागीन असं वाटलं नवतं, वयनी. सकाळी उठल्यावर भांडाले कोनी नसलं त चहा गोड लागत नाई."

सत्यभामाबाईंनी दुसऱ्या कपात साखर जास्त टाकली. उपयोग होणार नव्हता, पण टाकली.

कडूबांनी टिंबाच्या नंबरावरचा फोटो भिंग धरून पाहिला. काहीतरी हिरवं, लांबट, टोकदार.

"चर्चचा कळस! मानूस विदेशी हाये. हेर!"

"सोनाळ्याच्या एसटीत हेराचं काय काम?" कारभारींनी विचारलं.

"तेच त कोनाले समजू देत नाई!"

सत्यभामाबाईंना ती भेंडी वाटत होती. पण गुप्तहेराला तपास ऐन रंगात असताना भाजीचं नाव काढलेलं आवडत नाही.

चहा संपेपर्यंत हेर बाद झाला. "सकाळी बरोबर पाचले मेसेज. रोज पाचले मानूस उठते काय? हे मानूसच नाई. कम्प्युटर हाये, आपल्या मनानं बोलनारा! चार्जिंग संपली असन."

"मी रोज पाचला उठते," सत्यभामाबाई म्हणाल्या. ते वहीत कोणी लिहिलं नाही.

दुपारी तिसरा सिद्धांत आला: टिंबाला पळवून नेलं आहे. कोणी? युरोपातल्या विरोधी पक्षाने. कारभारींचा चेहरा आणखी उतरला. तेव्हा मात्र सत्यभामाबाईंनी वही मिटली.

"फोन लावून पाह्यला काय त्या नंबरवर?"

कडूबा हसले. "गुप्तहेर फोन लावत नसते. आरोपी सावध होते."

"तुमाले नाई. भाऊजींना विचारून राह्यली."

कारभारी चपलांकडे पाहू लागले. "लावला असता. पन उचलला म्हंजे मंग माफ करा म्हना लागते." बत्तीस वर्षं 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणण्यात गेलेली. माफ करा म्हणायची सवय कुठून असणार?

सत्यभामाबाईंनी फोन लावला.

"हॅलो, कोन? भाजी पायजे काय?"

हा आवाज त्यांनी सकाळीच ऐकला होता. पाव किलो भेंडी घेताना.

तीन घरं सोडून भाजीवाल्या वच्छलाबाईंचा ओटा. मिरच्या निवडत बसल्या होत्या. कडूबांनी पुढे होऊन विचारलं, "टिंब तुमी?"

"हो. नाव टाकलं का लोक विचारतात, भेंडी काय भाव. युरोपाचं बाईशी कोनी बोलत नाई."

"पन तुमाले युरोप कसा समजते?" कारभारींच्या तोंडून निसटलं.

"मांगं व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. म्हने, फवारनीचा नियम युरोपानं बदलला. म्हनलं, माह्या भेंडीचं जो ठरवून राह्यला तो मानूस हाये तरी कोन, पाहून त घ्या. पाहता पाहता गोडी लागली."

कारभारींनी घसा साफ केला. बराच वेळ साफ केला. "वच्छलाबाई, मी तसं लिवाले नव्हतं पायजे. माफ करा."

"काय लिवलं होतं?"

"वाचलं नाई?"

"कसं वाचीन? चातुर्मास लागला ना. लोक कांदा-वांगं सोडतात. मले वांगं तसंही आवडत नाई, ते सोडून काय पुन्य? सोडाव त जिवाचं सोडाव." मिरचीचं देठ खुडत त्या म्हणाल्या, "म्हनून यंदा युरोप सोडला. कार्तिकीपर्यंत."

कारभारींचे कान लाल झाले.

"माह्या मनात हेच होतं पह्यलेपासून. भेंडी, व्रत, सगळं," कडूबा म्हणाले. सत्यभामाबाईंनी त्यांच्या हातात मिरचीची टोपली दिली. हात गुंतले की माणूस कमी बोलतो, हे त्यांचं स्वतःचं संशोधन.

कारभारी जायला वळले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"युरोप सोडला. बरोबर हाये. पन एसटी?"

वच्छलाबाईंनी विचार केला. व्रताचा मामला, घाई करून चालत नाही.

"एसटी नाई सोडली."

"आन् बिनचालकाची बस?"

"त्याच्यात त तुमी सरासर चुकीचे हा."

कारभारींनी चपला काढल्या, ओट्यावर चढले आणि चांगली ऐसपैस मांडी घातली.

"सांगा बरं," ते म्हणाले, "काऊन चुकीचा?"